गाडी बंद केल्यानंतर येणारे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन बंद केलं, दार लावलं, चार पावलं पुढे गेलात आणि मागून आवाज आला: टिक्... टिक्-टिक्... टिक्. मनात पाल चुकचुकते. आत्ता तर बरी चालत होती, बंद केल्यावर हिला काय झालं?

बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. गाडी थांबते, पण तिच्यातली उष्णता थांबत नाही. ती बाहेर पडायला अर्धा तास, कधी तासभर घेते आणि जाता जाता वाजते. काही आवाज मात्र खरोखर बिघाडाचे असतात. दोन्हींतला फरक ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. आवाज कुठून येतो, किती वेळ टिकतो आणि सोबत वास किंवा ओल आहे का, एवढं बघायची सवय हवी.

गाडीखालून टिकटिक येते. ती कशाची?

धातू आकसल्याची. पत्र्याचं छप्पर दिवसभर उन्हात तापतं आणि रात्री गार होताना कडकड वाजतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीत हेच होतं, फक्त तापमान कितीतरी जास्त असतं.

इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चालत्या गाडीत काहीशे अंशांवर असतो. जोरात चालवलेल्या पेट्रोल इंजिनात तो आठशे-नऊशे अंशांपर्यंतही जातो. त्याच्यापुढे असतो कॅटालिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. त्याला नीट काम करायला साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस लागतात. मग नळ्या, मग सायलेन्सर. स्टीलची एक मीटर लांबीची नळी ४०० अंशांनी तापली तर स्टीलच्या जातीनुसार साधारण ४ ते ७ मिलिमीटर लांबते. गाडी थांबली की तेवढंच अंतर तिला परत आत यायचं असतं.

हा परतीचा प्रवास सरळ झाला असता तर आवाजच आला नसता. पण नळी जागोजागी बोल्ट, क्लॅम्प आणि रबरी हँगरांनी धरलेली असते. एखाद्या जोडाला घर्षणामुळे ती अडकून राहते, आत ताण साठतो आणि घर्षणाला तो पेलवेनासा झाला की जोड केसभर सरकतो. टिक्. मग पुन्हा अडकतो. प्रत्येक टिक् म्हणजे असा एक बारीकसा सरकाव.

सगळ्यात जास्त वाजतात ते हीट शील्ड, म्हणजे नळीची धग वरच्या फ्लोअरला लागू नये म्हणून लावलेले पातळ पत्रे. ते पातळ असल्यामुळे भरभर गार होतात आणि शेजारची जाड नळी मात्र तापलेलीच असते. एक आकसतोय, दुसरी अजून तितकी नाही, आणि दोघं एकाच बोल्टला बांधलेले. वाजणारच.

ती किती वेळ चालू राहणं ठीक आहे?

दहा मिनिटं ते अर्धा तास. थंड हवेत आटोपते लवकर, पण टिकटिक जास्त जोरात आणि घाईघाईने होते. घाट चढून आलात किंवा लांबचा पल्ला मारून आलात तर जास्त वेळ. पाच मिनिटांच्या फेरीनंतर कदाचित मुळीच नाही, कारण नळ्या पुरत्या तापलेल्याच नसतात.

इथे घड्याळापेक्षा लय महत्त्वाची. गार होणाऱ्या धातूची टिकटिक सुरुवातीला दाट आणि मग विरळ होत जाते, आणि दोन टिकांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. टिकटिक अगदी घड्याळासारखी एका तालात येत असेल तर ती धातूची नाही. ती विजेची आहे: एखादी रिले (विजेवर चालणारा स्विच), एखादी छोटी मोटर किंवा चालू राहिलेला इंडिकेटर. हा एवढा एक फरक कानाला कळला की बरीचशी चिंता तिथेच मिटते.

माझी आधीची गाडी एवढी वाजत नव्हती. नवीनच का वाजते?

नवी आहे म्हणूनच. इंजिन सुरू झाल्यावर कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून आता तो बहुतेक गाड्यांत इंजिनाला अगदी चिकटून बसवतात. पूर्वी तो खाली, मागे असायचा. शिवाय हीट शील्डची संख्या वाढली आणि टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) भर पडली. सायलेन्सर नुकताच बदलला असेल तरी काही दिवस टिकटिक जास्त ऐकू येते.

हीट शील्डचा पत्रा गंजून बोल्टाच्या भोकापाशी फाटला असेल, तर टिकटिकीच्या जागी खुळखुळ येते, तीही मुख्यतः इंजिन चालू असताना. ते काम क्लॅम्प लावून होतं. पत्रा काढून फेकून देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो शोभेसाठी लावलेला नसतो.

गाडी बंद केली तरी पंखा फिरतोय. बिघाड आहे का?

नाही. उलट गाडी शहाणी आहे.

इंजिन चालू असताना कूलंट सतत फिरत असतं आणि इंजिनातली उष्णता रेडिएटरकडे नेत असतं. इंजिन थांबलं की बहुतेक गाड्यांतला पाण्याचा पंपही थांबतो, कारण तो इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. पण सिलिंडरच्या भिंती आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) अजून भयंकर तापलेले असतात. ती उष्णता जागच्या जागी उभ्या असलेल्या कूलंटमध्ये उतरते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटं इंजिनातल्या पाण्याचं तापमान घसरण्याऐवजी चढतं. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, पण तापमान दाखवणारं स्कॅनर लावून पाहिलं की आकडा डोळ्यांसमोर वर जाताना दिसतो.

ते ठरावीक आकड्यापुढे गेलं की सेन्सर पंखा सुरू करतो. तो दोन-चार मिनिटं चालेल, कधी दहा. गर्दीत रखडत आलात, एसी पूर्ण जोरात होता, बाहेर कडक ऊन होतं, तर जास्तच. सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते. काहींत किल्ली काढली की पंखाही बंद पडतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बंद गाडीचा पंखा अचानक, कोणतीही सूचना न देता सुरू होऊ शकतो. बॉनेट उघडून गरम इंजिनाजवळ हात घालायचा असेल तर पंख्याच्या पात्यांपासून बोटं, ओढणी, बाही, लोंबणारी वायर सगळं दूर ठेवा.

पण अर्धा तास झाला, तो थांबतच नाही...

आता बघायला हवं. इंजिनाला हात लावून पाहा (जपून, वरच्या प्लास्टिकच्या कव्हरला). गार झालंय आणि तरी पंखा चालूच आहे, तर तो उष्णतेमुळे चालत नाहीये. बहुधा रिलेचे पॉइंट वितळून चिकटलेत. दुसरी शक्यता तापमानाच्या सेन्सरची किंवा त्याच्या वायरीची. सेन्सरकडून खुळचट आकडा आला की कॉम्प्युटर ‘काही नाही तर निदान गार तरी ठेवू’ असा विचार करून पंखा पूर्ण वेगात सोडतो. काही गाड्यांत एसीच्या दाबाचा सेन्सर बिघडला तरी हेच.

पंखा लहानसहान वीज खात नाही. मोठा पंखा पूर्ण वेगात २० अँपिअरच्या आसपास ओढतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याच्यापुढे दोन-अडीच तासांत झोपेल. म्हणून रात्री असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. इग्निशन एकदा चालू करून पुन्हा बंद करा. तरीही थांबला नाही तर फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघून पंख्याची रिले उपसून काढा, किंवा बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. रिले काढून ठेवलीत तर सकाळी परत बसवल्याशिवाय गाडी चालवू नका. पहिल्याच सिग्नलला इंजिन तापेल.

बॉनेटखाली पाणी उकळल्यासारखी गुडगुड ऐकू येते.

या प्रश्नाचं उत्तर मी घाईत देत नाही, कारण ही गुडगुड सुरुवातीला अगदी निरुपद्रवी वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलेल्यांची हेड गास्केट (हेडखालची सील) जळालेली मी पाहिली आहेत.

आधी यंत्रणा समजून घ्या. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. गाडीतलं कूलंट उकळू नये म्हणून दोन उपाय असतात: पाण्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं, आणि सगळी यंत्रणा दाबाखाली बंद असते. तो दाब धरून ठेवतं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं टोपण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. तो बारमधला दाब. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाब असला की साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल असेल तर त्याहून थोडं पुढे.

आता वर सांगितलेली गोष्ट आठवा: इंजिन बंद केल्यावर कूलंटचं तापमान चढतं. टोपणाचं रबर कडक झालं असेल, त्याची स्प्रिंग ढिली पडली असेल, तर दाब टिकत नाही. चालत्या गाडीत सगळं ठीक, कारण कूलंट फिरतंय. थांबल्यावर मात्र हेडजवळचं कूलंट जागच्या जागी उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे पाइपातून टाकीकडे जातात आणि गुडगुड ऐकू येते. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालं होतं. एका गॅरेजने आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, मग पाण्याचा पंप. गुडगुड तशीच. शेवटी निघालं ते टोपण, सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त भाग. तेव्हापासून माझा नियम: गुडगुड आली की आधी टोपण, मग कूलंटची पातळी, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे काय? कूलंट कमी होऊन आत हवा शिरलेली असणं. कूलंट बदलताना यंत्रणेतली हवा नीट न काढणं. पंखा वेळेवर सुरू न होणं. थर्मोस्टॅट अर्धवट उघडणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेड गास्केट फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरणं. शेवटच्याची खूण अशी की इंजिन थंड असताना सुरू केलं तरी टाकीत बुडबुडे येतात, पाइप काही मिनिटांतच दगडासारखे कडक होतात, आणि कूलंट कुठे गळताना दिसत नाही तरी कमी होत राहतं. तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

आणि कितीही उत्सुकता असली तरी गरम इंजिनाचं टोपण उघडायचं नाही. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो, १०० अंशांपुढचं कूलंट एकदम उकळून वाफेसकट वर येतं आणि समोर तुमचं तोंड असतं. वरचा रबरी पाइप हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबा. त्याला तास लागला तर तास.

गुडगुड डॅशबोर्डमागून येते, बॉनेटमधून नाही.

हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा अडकली आहे. कुठूनतरी झरा वाहतोय असं वाटतं, विशेषतः गाडी सुरू करताना आणि बंद केल्या केल्या. गाडी गार असताना कूलंटची पातळी बघा. बहुधा ‘मिन’च्या रेषेखाली असेल. ते भरून, हवा काढून घेतली की आवाज जातो. पण मग ते कमी का झालं, हा प्रश्न उरतोच. तोही सोडवून घ्या.

दरवाजा उघडताना किंवा वळताना पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर तो कूलंटशी संबंधित नाही. दरवाजाच्या तळाची भोकं चिखलाने बुजून पावसाचं पाणी आत साठलंय. एखाद्या काडीने भोकं मोकळी करा.

एसी चालू ठेवून गाडी बंद केली की लांबलचक ‘फुस्स्स’ येतं. गॅस गळतोय का?

गळत नाही, नुसता जागा बदलतोय. एसी चालू असताना यंत्रणेच्या एका बाजूला दाब जास्त असतो, साधारण दहा बारच्या पुढे, आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन बार. मध्ये एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं बारीकसं छिद्र. कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाचा वायू त्या छिद्रातून कमी दाबाकडे जात राहतो, दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत. त्याला अर्धं ते दोन मिनिटं लागतात. हा व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला, कूलिंग कॉइलपाशी असतो, म्हणून आवाज अगदी पायाजवळून आल्यासारखा वाटतो.

खात्री करायची असेल तर एक दिवस घरी पोहोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करा. थांबल्यावर फुस्स नाही आलं, म्हणजे ते एसीचंच होतं.

पायाजवळूनच, पण ब्रेकचं पेडल दाबल्यावर फुस्स येत असेल आणि पेडल नेहमीपेक्षा जड लागत असेल, तर तो ब्रेक बूस्टर आहे, म्हणजे पेडलच्या दाबाला जोर देणारा भाग. तिथे वेळ घालवू नका.

चर्र आवाज येतो आणि थोडा वासही.

तापलेल्या नळीवर काहीतरी थेंब थेंब पडतंय. काय पडतंय हे नाकाने ओळखायचं.

वास नाही, थोडी वाफ, आणि एसी चालू होता: कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी. निश्चिंत राहा. गोडसर, गुळचट वास: कूलंट. पाइप, रेडिएटर, पंपाचं सील तपासून घ्या. हे कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे जमिनीवर सांडलं असेल तर पुसून टाका, जनावरं चाटतात. करपट वास आणि निळसर धूर: तेल. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गास्केट कडक होऊन तिथून तेल झिरपतं आणि खालच्या मॅनिफोल्डवर पडतं. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी असा वास आला तर तेल भरताना सांडलं असण्याची शक्यता जास्त. दोन-तीन फेऱ्यांत जळून जाईल.

पेट्रोलचा वास आला तर मात्र हे सगळं वाचत बसू नका. गाडी पुन्हा सुरू करू नका, सगळ्यांना बाहेर काढा, लांब उभं राहा आणि गाडी उचलून नेणाऱ्यांना बोलवा.

रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डागाचा रंग आणि जागा, दोन्ही बघायला मिळतात, आणि मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

किल्ली काढली तरी इंजिन खडखडत दोन-चार गचके खातं, मगच बंद होतं.

कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांचा हा जुना रोग. ठिणगी बंद झाली तरी सिलिंडरमधल्या कार्बनच्या तापलेल्या खपल्या निखाऱ्यासारखं काम करतात. कार्बोरेटरमधून थोडं पेट्रोल येतच असतं, ते त्या निखाऱ्यावर पेटतं आणि इंजिन वेडंवाकडं फिरत राहतं. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जास्त ठेवलेलं असणं, ठिणगीचं टायमिंग चुकीचं असणं किंवा इंधन तोडणारा सोलेनॉइड (विजेची झडप) बिघडणं, ही नेहमीची कारणं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली काढताच इंजेक्टर बंद होतात, त्यामुळे हा प्रकार जवळजवळ संपलाय. तिथे असं झालं तर एखादा इंजेक्टर थेंब सोडतोय का ते बघावं लागतं.

डिझेल गाडीत याचा एक भयानक भाऊ आहे. टर्बोचं सील फुटून इंजिनाचंच तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जायला लागलं, तर इंजिन त्या तेलावर धावतं. किल्ली काढून उपयोग नसतो, कारण ते टाकीतलं डिझेल पीतच नसतं. वेग आपोआप वाढत जातो, मागून पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात. हाती धरायच्या गियरची गाडी असेल आणि तुम्ही आत बसलेले असाल, तर ब्रेक गच्च दाबून, सगळ्यात वरचा गियर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतं. ते जमलं नाही तर उतरून लांब जा. बॉनेट उघडून वाकून बघण्याची ती वेळ नव्हे. इंजिनाचे तुकडे उडू शकतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण माहीत असलेला बरा.

बंद होताना शेवटी ‘खडखड-धप्प’ होतं.

नुसतं धप्प असेल तर इंजिनाच्या माउंटिंगचं रबर संपलंय. खडखड असेल, आणि गाडी डिझेल असेल, तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर संशय घ्या. दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा, अशी त्याची रचना. इंजिन थांबताना त्याचे फेरे कमी होत होत एका अशा वेगातून जातात जिथे सगळं जोरात थरथरतं. स्प्रिंगा थकल्या असतील तर नेमक्या त्या क्षणी चकत्या एकमेकींवर आपटतात. आयडलिंगला क्लच दाबताना-सोडताना आवाज बदलतो का, तेही बघून ठेवा.

टर्बो गाडीत बारीक शिटी, मग बराच वेळ घरघर. दोन्ही ठीक?

ठीक. शिटी टर्बोची. त्याचा चाक-दांडा मिनिटाला लाखभराच्या पुढे फेरे घेतो, तो थांबायला काही सेकंद घेतो. घरघर विजेच्या छोट्या पंपाची. इंजिन बंद झाल्यावर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागेवर करपून कोळसा होऊ नये म्हणून हा पंप काही मिनिटं त्याच्याभोवती कूलंट फिरवत राहतो. लांब चढण किंवा वेगाची दौड संपवून लगेच गाडी बंद करण्यापेक्षा शेवटचा किलोमीटर सावकाश चालवा. त्याने टर्बो पंपापेक्षाही चांगला निवतो.

डिझेल गाडी कधीकधी बंद केल्यावर जास्तच तापलेली, पंखा जोरात, वेगळाच वास...

धुराच्या गाळणीत साठलेली काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहिलं. त्यासाठी गाडी एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते, आणि तुम्ही मध्येच किल्ली काढली. एखाद्या वेळी झालं तर काही बिघडत नाही. प्रत्येक वेळी असंच होत असेल तर तुमच्या फेऱ्या फार लहान आहेत. मधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी नेत जा. अशा वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

युरियाचं द्रावण वापरणाऱ्या गाडीत बंद केल्यावर मिनिटभर मागून गुंं असा आवाज येतो. पंप नळीतलं द्रावण परत टाकीत ओढून घेत असतो, कारण ते उणे ११ अंशांना गोठतं आणि सुकलं तर त्याचे खडे होतात.

रात्री दोन वाजता बंद गाडीतून मिनिटं-दोन मिनिटं घुंं आवाज येतो! आत कुणी नाही!

भूत नाही, परीक्षा आहे. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत बंद यंत्रणा असते आणि तिच्यात गळती आहे का हे काही गाड्या स्वतःच तपासतात. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना अशी स्वतःची तपासणी करणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली. तपासणीसाठी टाकीतलं पेट्रोल शांत आणि थंड हवं, म्हणून गाडी उभी राहून काही तास झाल्यावर एक छोटा पंप सुरू होतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत तो ५ तासांनी चालतो. इंजिन तोवर पुरेसं गार झालं नसेल तर ७ तासांनी, आणि तरीही नाही तर साडेनऊ तासांनी. संध्याकाळी नऊला उभी केलेली गाडी दोनला घुमते, हा हिशेब तुम्ही स्वतः लावून बघा. आवाज मागच्या चाकाजवळून येत असेल तर शंकाच नको.

गाडी लॉक केली, पाच-सात मिनिटांनी मागून ‘झिर्र’ झालं. हँडब्रेक आपोआप सुटला का?

उलट, तो जास्त घट्ट झाला. बटणाने लागणाऱ्या विजेच्या हँडब्रेकची ही हुशारी मला फार आवडते. गाडी थांबवली तेव्हा ब्रेकची डिस्क गरम होती, म्हणजे किंचित फुगलेली. गार होताना ती आकसते आणि पॅडची पकड ढिली होऊ शकते. म्हणून काही गाड्या थोड्या वेळाने मोटर पुन्हा फिरवून पकड आवळतात. वायरच्या जुन्या हँडब्रेकला ही अक्कल नाही. तिथे उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून चाकं कठड्याकडे वळवणं तुमच्याकडे.

डॅशबोर्डच्या आतून एका तालात टक्-टक्-टक्, दहा-पंधरा वेळा, मग शांत.

एसीच्या झडपा फिरवणारी छोटी मोटर. बंद करताना ती झडप ठरावीक जागी नेऊन ठेवते. तिचा प्लास्टिकचा दात तुटला असेल तर ती पोहोचल्याचं कळत नाही आणि घसरत, टकटकत राहते. धोका शून्य, चीड मात्र भरपूर. एकदाच होणारी हलकी झुंई, खट्ट असेल तर काहीच करू नका; हेडलाइट, थ्रॉटल, आरसे आपापल्या जागी जात असतात.

इलेक्ट्रिक गाडीला तर इंजिनच नाही. तिच्यात कसले आवाज?

बंद करताना मोठं ‘खट्ट’ येतं: मोठ्या बॅटरीचा संबंध तोडणारा कॉन्टॅक्टर. बॅटरीत ३००-४०० व्होल्ट असतात, काहींत ८००. त्याची रिले मोठी असणारच. मग पंप आणि पंखे, विशेषतः वेगाने चार्ज करून आलात किंवा चार्जिंग चालू असेल तर. कधी उभ्या गाडीतच एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो, बॅटरी गार करायला. काही हायब्रिड गाड्यांत नुसतं दार उघडलं की दोन सेकंद घुर्र होतं. ब्रेकसाठी दाब साठवणारा पंप तयारी करतो.

मेकॅनिकला सांगायला गेलो की गाडी गप्प बसते. काय करू?

बहुतेक आवाज गाडी गरम असताना येतात आणि आपण ती सकाळी सोडून येतो, गार झाल्यावर ऐकायला कुणी असतं का? वेळ मागून घ्या, गाडी गरम अवस्थेत न्या आणि त्याच्यासमोर बंद करा. नाहीतर मोबाइलवर चित्रफीत काढा: किल्ली फिरवल्यापासून सुरू करा, न थांबवता, आणि गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. कुठे आवाज मोठा होतो ते त्यातच कळतं. सोबत तीन गोष्टी सांगा: किती वेळ चालवली होती, एसी चालू होता का, आवाज किती मिनिटांनी थांबला. ‘काहीतरी वाजतंय’ असं सांगितलं की सगळ्या गाडीचे भाग बदलायला मोकळीक मिळते.

आणि बॉनेटखालून ‘म्यांव’ आलं तर?

थंडीत गरम इंजिनाच्या कुशीत मांजर येऊन झोपतं. हॉर्न वाजवला तर ते बहुतेक वेळा आणखी आत सरकतं. बॉनेटवर दोन-चार थापा मारा, ते उघडा, दोन मिनिटं लांब उभे राहा. मग सुरू करा.